होमस्टेमधली व्हिलन नाईट: जेवण झकास, सिनेमे भारी, पण त्या जॅकेटमुळे स्टार गेले

रेटिंग आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांनी पुढे नाही वाचलं तरी चालेल. जेवण पाचात पाच, सिनेमांची निवड साडेचार, बसायची सोय दोन (प्लास्टिकच्या खुर्च्या, माझ्या खुर्चीचा एक पाय सारवलेल्या खळ्यात हळूहळू रुतत होता, इंटरव्हलपर्यंत मी तिरका), डासांना पाचात पाच, आणि सगळं धरून तीन. तीनच का, त्यासाठी जरा लांबून यावं लागेल.

जागा मालवण तालुक्यात, आचऱ्याच्या बाजूला, समुद्र चालत दहा मिनिटं. नाव मुद्दाम देत नाही कारण तक्रार पण करायचीय आणि माणसं खरंच चांगली आहेत. चालवणारा पोरगा मुंबईत बरीच वर्षं साउंडचं काम करून गावी परत आलेला, घर आजोबांचं, स्वयंपाक त्याची आई करते (सगळे काकीच म्हणतात). सीझनमध्ये महिन्यातून एकदा शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार असा व्हिलन नाईटचा कार्यक्रम असतो, माणशी ४२००, राहणं-खाणं-सिनेमा सगळं त्यात. खळ्यात मांडव, भिंतीवर पांढरी चादर ताणून बांधलेली, प्रोजेक्टर तुळशीच्या बाजूला टेबलावर. मी, बायको आणि मेव्हणा गेलो होतो जानेवारीत. माझं कणकवलीला मेडिकल आहे, शटर दोन दिवस भावाच्या जिवावर सोडून गेलो, हे का सांगतोय ते पुढे कळेल.

शुक्रवारी सायको. १९६० चा हिचकॉकचा, ब्लॅक अँड व्हाइट, मी चौथ्यांदा बघितला आणि परत एकदा त्या मोटेलवाल्या पोराची दया आली. चूक एवढीच की होस्टने सिनेमा लावायच्या आधीच सांगून टाकलं की बाथरूमचा सीन पाऊण मिनिटाचा पण शूटिंगला सात दिवस लागले, आणि रक्त म्हणून चॉकलेट सिरप ओतलेलं. झालं, पुण्याहून आलेली कॉलेजची पोरं तो सीन आल्यावर किंचाळायच्या ऐवजी "सिरप सिरप" करून खिदळत बसली. अरे बाबा असली माहिती सिनेमा संपल्यावर द्यायची. वाऱ्याने चादर हलायची तेव्हा मात्र भिंतीवरचं ते जुनं घर खरंच श्वास घेतल्यासारखं दिसत होतं, आणि मागे समुद्राची गाज, हे कुठल्या मल्टिप्लेक्सला जमणार नाही.

संपल्यावर दहा-पंधरा मिनिटं गप्पा असतात, ती कल्पना मला आवडली. होस्ट सांगायला लागला की ही गोष्ट ज्याच्यावरून सुचली तो एड गीन, नरभक्षक वगैरे. इथे मी तोंड घातलं. (बायको म्हणते तुम्हाला कुठेही क्लास घ्यायची सवय आहे. असेल.) गीन अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या प्लेनफिल्ड गावचा, १९५७ च्या नोव्हेंबरमध्ये पकडला. दोन बायकांचे खून त्याने केले हे कबूल, स्मशानातून प्रेतं उकरून त्या हाडाकातड्याच्या वस्तू बनवल्या हेही खरं, घरात पोलीस शिरले तेव्हा काय काय सापडलं ते जेवणानंतर सांगण्यासारखं नाही. पण माणूस खाल्ला हे कधी सिद्ध झालं नाही, तो स्वतः शेवटपर्यंत नाहीच म्हणत होता. आधी खटला चालवण्याच्या अवस्थेत नाही म्हणून हॉस्पिटलमध्ये ठेवला, १९६८ ला खटला चालला, खून याने केला पण वेडाच्या भरात असं ठरलं, आणि १९८४ मध्ये मनोरुग्णालयातच वारला. या एका माणसावरून सिनेमावाल्यांनी तीन व्हिलन काढले, सायकोमधला नॉर्मन, १९७४ च्या टेक्सासवाल्या सिनेमातला करवत घेऊन धावणारा, आणि सायलेन्स ऑफ द लॅम्ब्जमधला बायकांची कातडी सोलणारा. तिघांत गीनचं थोडं थोडं घेतलं आणि बाकी पदरचं घातलं, त्यातच ते खाणं कधीतरी गीनच्या नावावर चिकटलं.

होस्टने ऐकून घेतलं, वाद नाही घातला, उलट म्हणाला उद्या तुम्हीच बोला. त्याबद्दल अर्धा स्टार जास्त.

आता ते जॅकेट. जेवणाच्या पडवीच्या शेजारी एक कोपरा सजवलाय, पांढऱ्या टाइल्सचा फ्लेक्स, वर बोर्ड "वेडा वॉर्ड", खाली "फोटो काढा, आम्हाला टॅग करा, चहा-भजी फ्री". तिथे खुंटीला एक पांढरं जॅकेट, लांब हातांचं, हात पाठीमागे दोरीने बांधायचे, आणि सोबत तो जाळीचा मास्क, तोंडाला मुस्कं बांधल्यासारखा, सायलेन्स ऑफ द लॅम्ब्जमधल्या माणूस खाणाऱ्या डॉक्टरचा. सगळ्यात आधी माझा मेव्हणाच गेला. डोळे फिरवून, जीभ बाहेर काढून फोटो. मग पोरं, मग एक नवरा-बायको, मग लाइनच लागली. मीपण हसलो सुरुवातीला, खोटं कशाला बोलू. भजी कांद्याची होती आणि छान होती.

पण मग डोक्यातून जाईना. माझ्या दुकानात दर महिन्याला एक म्हातारी येते, एसटीने, दोन गाड्या बदलून. पिशवीत चार घड्या घातलेलं प्रिस्क्रिप्शन, ते काढायच्या आधी आजूबाजूला बघणार, गिऱ्हाईक असेल तर थांबणार, "तुमचा होऊंद्यात आदी." गोळ्या दिल्या की स्ट्रिपवर दिसू नये म्हणून पेपरात गुंडाळून मागणार. मुलगा चाळिशीचा, समोरच्या पानपट्टीच्या सावलीत उभा असतो, गाडीचा हॉर्न वाजला की खांद्यात मान घालतो. एकदाच तो काउंटरपर्यंत आला आणि मला विचारलं, "ह्या खराच औषध मां?" मी म्हटलं हो. परत विचारलं. परत हो म्हटलं. सात-आठ वेळा, आणि प्रत्येक वेळेला हात जोडून. त्याला वाटतं त्याला कोणीतरी विष घालतंय. अख्ख्या दुनियेला तो घाबरतो, आणि गावात पोरं त्याला बघून पळतात, म्हणे खुळो इलो.

असे नेमाने येणारे मला बरेच आहेत, आणि एक गंमत सांगतो, गंमत कसली. माझ्याकडे येणारे बहुतेक कणकवलीचे नसतात. कुडाळचे लोक या गोळ्यांसाठी कणकवलीला येतात आणि कणकवलीचे कुडाळला जातात, ओळखीच्या मेडिकलमध्ये नको म्हणून. मधे ट्रेनमध्ये भेटले तर दोघांच्या पिशवीत तेच औषध आणि दोघं हवापाण्याच्या गोष्टी करणार. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आहे, साधारण ३०० माणसांत एकाला स्किझोफ्रेनिया. लाखभर वस्तीचा तालुका धरा, तीनशेच्या वर माणसं झाली. यातल्या कितींनी माणूस खाल्ला? आपल्याकडे नुसतं "रत्नागिरीला पाठवा याला" म्हटलं की सगळे हसतात (मुंबईकर ठाण्याला पाठवतात, पुणेकर येरवड्याला), मीसुद्धा शंभर वेळा म्हटलेलं आहे.

असो, शनिवार. सकाळी घावणे आणि चटणी, दुपारी बांगड्याचं तिखलं, तिसऱ्यांचं सुकं, सोलकढी दोन वाट्या मागून घेतली. तिखल्यात काकी तिरफळं ठेचून घालतात, अख्खी टाकत नाहीत, त्यामुळे दाताखाली येत नाहीत आणि वास मात्र भिंतीपलीकडे जातो. हे एवढ्यासाठीसुद्धा परत जाईन.

दुपारी जेवणानंतर होस्टने एक गोष्ट सांगितली, त्याला बहुतेक रात्रीच्या सिनेमाची हवा तयार करायची होती. १८८४ साली मिन्योनेट नावाची इंग्रजांची एक छोटी नौका साउदॅम्प्टनहून सिडनीला निघाली, अटलांटिकमध्ये बुडाली, चार जण होडीत. अन्न नाही, पाणी नाही. शेवटी कॅप्टन आणि त्याच्या जोडीदाराने सगळ्यात लहान, रिचर्ड पार्कर नावाचा खलाशी पोरगा, त्याला मारलं आणि तिघांनी खाऊन जीव वाचवला. किनाऱ्याला आल्यावर त्यांनी काहीच लपवलं नाही, सगळं सांगून टाकलं, कारण त्या काळच्या खलाशांत हा समुद्राचा रिवाजच समजायचे, नाइलाज झाला की असं होतं. कोर्टाने फाशी सुनावली आणि मग ती सहा महिन्यांच्या कैदेवर आणली.

तिथे पायरीवर शेजारचे एक आजोबा बसलेले, जन्मभर तांडेलकी (मच्छीमार होडीची कप्तानी) केलेले, आता गुडघ्यामुळे घरी. ते विडी विझवून म्हणाले, "त्या पोरान खारा पाणी पिलेला आसतला." सगळे बघायला लागले. होस्टने मोबाईलवर शोधलं तर खरंच, पार्कर समुद्राचं पाणी प्यायलेला, त्याने तो आजारी पडून जवळजवळ बेशुद्ध होता, म्हणूनच त्याच्यावर पाळी आली. आजोबा पुढे म्हणाले, "पाणी संपला काय माणूस खाऱ्याक त्वांड लावता, मगे बरळाक लागता. होडयेतसून उतरान घराक चलत जातंय म्हणता. तेका खुळो म्हणशात? तेका तान लागलेली आसता." आणि परत विडी पेटवली. मीठ अंगात वाढलं की मेंदू असाच भरकटतो, पुस्तकात मी पण वाचलंय, पण असं कोणी सांगितलं नव्हतं. अख्ख्या दोन दिवसांतला सगळ्यात भारी कार्यक्रम हाच, आणि तो पॅकेजमध्ये नव्हता.

संध्याकाळी माझी पाळी. मी बकासुरापासून सुरुवात केली कारण तिथे दशावताराच्या गावात दुसरीकडून सुरुवात केली तर कोण ऐकणार. एकचक्रा नगरीचा बकासुर, गाडाभर अन्न, दोन रेडे आणि ते घेऊन येणारा माणूस, रोजचा ठरलेला रतीब. त्याला कोणी वेडा म्हटलं का? त्याचं तर वेळापत्रक होतं. आणि आपला संकासुर, काळ्या कापडात नखशिखांत, वेद पळवणारा, लहानपणी रंगमंचावर आला की आईच्या पदरात तोंड, आणि पाच मिनिटांत तोच आपल्याला पोट धरून हसवणार. आपल्या जुन्या राक्षसांना भूक असते, माज असतो, वेड हे कारण कोणी दिलेलं नाही. ते कारण आलं सिनेमातून. आधीचे व्हिलन जमिनीसाठी, पैशासाठी, सूडासाठी वाईट असायचे, मग असा एक आला की जो कशासाठीच वाईट नाही, तेव्हा प्रेक्षकाला काहीतरी सांगायला हवं ना, मग शेवटी एक डॉक्टर येऊन लेक्चर देतो. सायकोच्या शेवटी दिलंय तसं, आणि ते लेक्चर आजही बोअर होतं.

मग मुंबईचा रमण राघव. आमचे बाबा तेव्हा चाकरमानी, गिरणीत, आणि मालाडला चुलत्यांकडे राहायचे. १९६८ चा पावसाळा, उपनगरात झोपड्यांत झोपलेल्या लोकांची डोकी फोडून खून, रात्री लोक काठ्या घेऊन गस्त घालायचे, बाबा सांगायचे की पहाटेच्या पाळीला निघालेल्या माणसाला पण चार ठिकाणी अडवून नाव-गाव विचारायचे. ऑगस्टमध्ये पकडला. पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णींच्या टीमने किती विचारलं तरी तोंड उघडेना, शेवटी तुला काय पाहिजे विचारल्यावर म्हणाला मुर्गी. कोंबडी खाल्ली, परत मागितली, परत खाल्ली, आणि मग ४१ खून कबूल केले. आधी फाशी, मग हायकोर्टाने तीन मानसोपचारतज्ज्ञांकडून तपासून घेतलं, निदान जुनाट पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया, बरा होण्यातला नाही, फाशीची जन्मठेप झाली. १९९५ मध्ये पुण्यात ससूनला किडनीच्या आजाराने गेला. म्हणजे हा एक, ज्याला खरंच आजार होता आणि ज्याने खरंच माणसं मारली, असे असतात, नाहीत असं मी म्हणत नाही, म्हटलं तर खोटं होईल. पण याने खाल्ली ती कोंबडी.

आणि उलट बाजूला अमेरिकेतल्या मिलवॉकीचा जेफ्री डामर. १९९१ च्या जुलैमध्ये पकडला, सतरा खून, आणि त्याने खरोखर माणसाचं मांस खाल्लेलं. वकिलांनी वेडाचा बचाव घेतला. १९९२ मध्ये ज्युरीने सांगितलं, वेडा नाही, शहाणा आहे, काय करतोय ते त्याला कळत होतं. आपल्याकडेही कायदा तेच विचारतो, आधी आयपीसीचं कलम ८४ होतं आता न्याय संहितेचं २२, डोकं ठिकाणावर आहे का एवढंच नाही, तर त्या घटकेला आपण काय करतोय आणि ते चूक आहे हे कळत होतं का. तेवढ्यात कोणीतरी कोल्हापूरचं काढलं, २०१७ चं, आईला मारलेल्या पोराचं, २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टाने ज्याची फाशी कायम केली. घाट उतरून आलेली दोघं होती आमच्यात, ती काही बोलली नाहीत. मग कोणीच बोललं नाही थोडा वेळ. होस्टने शहाणपणा केला आणि जेवायला बोलावलं.

आणि जेवायला काय? वडे-सागोती, त्याच्या बाजूला काळीज फ्राय, आणि शाकाहारी लोकांसाठी पावट्याची उसळ. ज्यांनी सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज बघितलाय ते माझ्याकडे बघायला लागले, मी त्यांच्याकडे. ज्यांनी नाही बघितला त्यांनी चाटून पुसून खाल्लं. काकींना काहीच माहीत नाही, त्यांच्या हिशेबाने शनिवारी कोंबडी कापली की काळीज वेगळं होतंच आणि जानेवारीत परसात पावटा असतोच. सिनेमात तो डॉक्टर एका माणसाचं काळीज कशाबरोबर खाल्लं ते सांगतो तो सीन आला, सबटायटलवर कडधान्याचं नाव, मेव्हण्याने कानात विचारलं म्हणजे काय, मी म्हटलं आपले पावटेच समज. त्याचा चेहरा प्रोजेक्टरच्या उजेडात बघण्यासारखा होता. दारूच्या जागी आमच्याकडे सोलकढी होती एवढाच फरक.

सिनेमाबद्दल काय लिहू, १९९१ चा, पाच मोठे ऑस्कर, अँथनी हॉपकिन्स पडद्यावर असतो तो फार थोडा वेळ आणि बाकीचा वेळ तुम्ही तो कधी येतो याची वाट बघता. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने २००३ मध्ये व्हिलनची यादी केली त्यात हा पहिला आणि नॉर्मन दुसरा, म्हणजे आमच्या होस्टने एक आणि दोन नंबर लावले होते. मजा अशी की हा डॉक्टर लेक्टर वेडा आहे असं सिनेमात सगळे म्हणतात आणि वेड्याचं एकही लक्षण त्याच्यात नाही. त्याला आवाज ऐकू येत नाहीत, कोणी विष घालतंय असं वाटत नाही, आंघोळ-पांघोळ व्यवस्थित, बोलणं धारदार. सायकोपॅथ आणि सायकोसिस हे दोन शब्द सारखे दिसतात म्हणून सगळी गफलत होते. सायकोसिस म्हणजे ते आवाज, ते भास, त्यावर माझ्या शेल्फवर ओलान्झापिन आहे, रिस्पेरिडोन आहे, क्लोझापिन आहे. सायकोपॅथवर, म्हणजे ज्याला कोणाची दयामाया नाही त्याच्यावर, गोळी माझ्याकडे नाही, कोणाकडेच नाही. बेल्जियमच्या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी ४०० सिनेमे बघून काढले होते, २०१४ मध्ये छापलं, खऱ्याच्या सगळ्यात जवळचा सायकोपॅथ म्हणून त्यांनी नो कंट्री फॉर ओल्ड मेनमधला तो विचित्र केसांचा शिगर निवडला, लेक्टर नव्हे. शिगर माणूस वगैरे काही खात नाही.

आणि लेक्टर ज्याच्यावरून सुचला तो तर अजून वेगळाच. ज्या कादंबरीवरून हा सिनेमा झाला तिचा लेखक थॉमस हॅरिस तरुणपणी पत्रकार म्हणून मेक्सिकोतल्या मॉन्तेरेच्या तुरुंगात गेला होता, तिथे त्याला एक शांत, नेटका डॉक्टर भेटला, कैदी कसा विचार करतो ते बारकाईने सांगणारा. हॅरिसला वाटलं तुरुंगाचाच डॉक्टर आहे. निघताना कळलं की तो स्वतः खुनाबद्दल आत आहे. त्या डॉक्टरने माणूस खाल्लेला नव्हता, आणि सुटल्यावर मॉन्तेरेमध्येच गरिबांना तपासत राहिला म्हातारपणापर्यंत. पण हे कोणाला पाहिजे, काळजाची गोष्ट जास्त चालते.

(माझ्या धंद्याबद्दल एक काळं गुपित, विषय निघालाच आहे तर. युरोपातले सोळाव्या-सतराव्या शतकातले औषधवाले इजिप्तच्या ममी दळून ती पावडर औषध म्हणून विकायचे, मार लागला घ्या, खोकला आला घ्या. मुळात फारसीत मोमियाई म्हणजे डांबरासारखा पदार्थ, शब्दाच्या घोळातून माणूसच दळायला लागले. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स तर माणसाच्या कवटीचा अर्क थेंब थेंब घ्यायचा. गिऱ्हाईक सगळं सुशिक्षित, पैसेवालं. आमच्या पूर्वजांनी बिलं पण दिली असतील.)

रविवारी सकाळी सोसायटी ऑफ द स्नो, आतल्या माजघरात दारं लावून. हा होस्टचा मास्टरस्ट्रोक, व्हिलन नाईटला व्हिलनच नसलेला सिनेमा. १३ ऑक्टोबर १९७२, उरुग्वेची रग्बी टीम घेऊन विमान अँडीजच्या बर्फात पडलं, ४५ जण, ७२ दिवसांनी सुटले तेव्हा १६ उरले. मेलेल्या मित्रांना खाऊन जगले. त्यांनी आधी एकमेकांना परवानगी दिली, मी गेलो तर मला खा. त्यातला रॉबेर्तो कानेसा तेव्हा मेडिकलचा विद्यार्थी, तो आणि नांदो पाराडो दहा दिवस डोंगर चालून मदत घेऊन आले. तो पुढे लहान मुलांच्या हृदयाचा डॉक्टर झाला. माजघरात आवाज नाही. सिरप सिरप करणारी पोरं पण गप. एकीने घावण्याची बशी बाजूला सारली होती ती तशीच राहिली.

नंतर मी पापुआ न्यू गिनीच्या फोरे लोकांचं सांगितलं, कारण औषधवाल्याला राहवत नाही. घरातलं माणूस गेलं की त्याला मातीत किड्यांना द्यायचं नाही म्हणून घरच्यांनी खायचं, रडत. मेंदू बायका-पोरांच्या वाट्याला. त्यातून कुरू नावाचा आजार पसरला, कुरू म्हणजे थरथर, आधी तोल जातो, मग अंग कापतं, मध्येच कारण नसताना हसू, आणि वर्षभरात मरण. बाहेरचे म्हणायचे जादूटोणा, वेड. निघालं ते बिघडलेलं प्रोटीन, प्रायॉन. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागतो हे दाखवणाऱ्या डॉक्टर गाजडुसेकला १९७६ चं नोबेल मिळालं. कोणाकोणाला खाल्ल्यानंतर पन्नास वर्षांनी आजार झाला. वेड लागलं म्हणून माणूस खाल्ला हे आपण धरून चाललेलो, आणि इथे मायेपोटी खाल्लं आणि त्यातून मेंदू गेला.

आता त्या जॅकेटकडे परत. रविवारी सकाळी, सिनेमाच्या आधी, मी विहिरीवर दात घासत होतो तेव्हा पाहुण्यांपैकी एक जण जवळ आला की आली, ते सांगत नाही. इकडचं तिकडचं झालं. मग आवाज खाली, "क्लोझापिन चालू असलं की रक्त किती दिवसांनी तपासायचं असतं?" मी सांगितलं, सुरुवातीला दर आठवड्याला, पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात म्हणून, मग डॉक्टर अंतर वाढवत नेतात, पण तपासणी सोडायची नाही आणि ताप-घसा दुखला तर लगेच. मान हलवली. "कोणाला बोलू नका." मी म्हटलं नाही. त्या जॅकेटच्या लाइनमध्ये हे माणूस पण उभं होतं, फोटो काढला होता, सगळ्यांसारखी जीभ बाहेर काढून. नसता काढला तर कोणी विचारलं असतं ना, का नाही काढत म्हणून.

निघताना मी होस्टला बाजूला घेऊन एवढंच सांगितलं की मास्क ठेव हवा तर, तो सिनेमातला आहे, पण जॅकेट आणि बोर्ड काढ. कारण काही दिलं नाही. तो म्हणाला काका सगळ्यात जास्त टॅग त्याच कोपऱ्याचे येतात, धंदा आहे. खरं बोलला, म्हणून राग पण आला नाही. मी म्हटलं मग संकासुर उभा कर तिथे, काळं कापड आणि काठी, काकींना विचार कसा असतो, गावात नाटकवाल्यांकडे सगळं मिळेल, त्याच्याबरोबर फोटो काढायला मुंबईकर लाइन लावतील. तो हसला. बघतो म्हणाला. काकींनी जाताना पावटे बांधून दिले, गावठी, अर्धा किलो, पैसे घेतले नाहीत.

जायचं असेल तर काही गोष्टी. ओडोमॉस न्या, खरंच न्या. रात्री दव पडतं, प्रोजेक्टरवर छत्री धरायची वेळ आली होती आमच्यावर, शाल लागते. संडास-बाथरूम स्वच्छ, पण गरम पाणी बंबाचं, सकाळी सातच्या आत नंबर लावा. वाऱ्याची दिशा बदलली की आवाज ऐकू येत नाही, साउंडचं काम केलेल्या माणसाकडून हे अपेक्षित नव्हतं, पुढे बसा. लाईट एकदा गेली, इन्व्हर्टरवर प्रोजेक्टर चालतो पण पंखे नाही. लहान मुलांना नेऊ नका, माजघरात झोपवून बाहेर बसू म्हणाल तर आवाज आत जातो. काळीज नको असेल तर आधी सांगा.

बोर्ड काढला की मला कळवणार आहे म्हणाला. कळवलं की दोन स्टार परत देतो, खुर्च्यांचे नाही.